कोटावरून कोरलेलं नाव

३ मार्च

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. पोचल्या पोचल्या लिही असं तू तीनदा बजावलं होतंस, त्याला आज आठ दिवस झाले. तेव्हा पहिली शिवी मनातल्या मनात देऊन घे आणि मग पुढे वाच.

राहायला बेकरीच्या वरची खोली मिळाली आहे. खाली भट्टी पेटली की माझी जमीन कोमट होते, त्यामुळे मी घरात अनवाणी फिरते. हे वहिनीला सांगू नकोस, नाहीतर ती पायमोज्यांचं पार्सल पाठवेल. बेकरी चालवणाऱ्या बाई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या आहेत. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गल्लीतले लोक तो ऐकून पाव न्यायला येतात. त्यांना आपली भाषा बाजारापुरती येते, मला त्यांची दगडापुरती. पण दोघींनाही बोलण्याची इतकी हौस की कुणाचं काही अडत नाही.

कामाचं तुला ठाऊकच आहे. दोन्हीकडच्या समितीने ठरवलं की त्यांच्या लढाईची स्मारकं आपल्या कारागिरांनी दुरुस्त करायची आणि आपली त्यांच्यांनी. माझ्या वाट्याला चौकातला हा एक दगड आला. पुरुषभर उंच, अठ्ठावन्न नावं, वर शेवाळ आणि कबुतरांची कृपा. पाणी आणि मऊ ब्रश घेऊन चार दिवस नुसती आंघोळ घातली. झिजलेली अक्षरं आता एकेक करून पुन्हा खोल करते आहे. खरं सांगते, पहिल्या दिवशी हात चालेना. ही सगळी माणसं तुझ्यावर गोळ्या झाडणारी, हे डोक्यातून जाईना. शत्रूचा दगड म्हणून हात राखू नकोस असं तू निघताना म्हणाला होतास, ते आठवून कामाला लागले.

आता, दादा, खुर्चीत नीट बस. डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचं भिंग असेल तर काढून ठेव. यादी संपल्यावर वीतभर जागा सोडून खाली एक नाव वेगळं कोरलेलं आहे. ते आपल्या लिपीत आहे. आणि ते तुझं आहे, बाबांच्या नावासकट आणि आडनावासकट.

मी आधी मोठ्याने हसले आणि मग पायरीवर बसले. कोरणाऱ्याला आपली लिपी येत नव्हती हे उघड आहे. त्याने अक्षरं चित्रासारखी उतरवली आहेत. शेवटच्या अक्षरापुढे वाटाण्याएवढा गोळा आहे. आधी वाटलं, त्याची छिन्नी घसरली. मग ओळखलं! आई आपल्या प्रत्येक कपड्यावर दोऱ्याने नाव घालायची आणि शेवटी जाडजूड गाठ मारायची, ती ही गाठ. त्या भल्या माणसाने गाठही नावातलीच समजून इमानेइतबारे कोरली आहे.

बाईंना आडून आडून विचारलं. लढाईनंतर बर्फ वितळलं तेव्हा पुलाजवळ आपल्या सैन्याचा कोट घातलेला एक जवान सापडला. अंगाचं काहीच ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं, पण कॉलरीत नाव होतं. शत्रूला आपल्या चौकात कशाला, म्हणून गावात बरीच हमरीतुमरी झाली. बाईंच्या आईने सगळ्यांना गप्प केलं. तिचा स्वतःचा मुलगा परतला नव्हता. त्याची तुकडी कैद झाली एवढंच कळलं होतं, पुढे काही नाही. ती म्हणाली की आपण कुणाच्या तरी मुलाचं नीट केलं, तर तिकडे कुणीतरी आपल्या मुलाचं करील. जवानाला दगडाच्या पायाशी पुरलं आणि दर वर्षी ती तिथे फुलं ठेवत आली. ती गेल्यापासून बाई ठेवतात. चाळीस वर्षं तुला फुलं मिळताहेत, दादा. आम्ही घरच्यांनी तुला कधी एक फूल दिलं नाही, याची मला लाज वाटली.

म्हणजे जो हरवलास म्हणून तुझी बढतीची फीत काढून घेतली, तोच हा कोट. कुणी पळवला होता? बाईंना मी अजून काही बोलले नाही. तुला विचारल्याशिवाय तुला जिवंत कसं करू?

वहिनीला नमस्कार. मयताच्या बहिणीने पुढे काय करायचं ते लवकर कळव आणि आहे तो लोभ तसाच राहू दे.

तुझी धाकटी,
छिन्नी

•

१२ मार्च

चि. छिन्नी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी वाचताना इतकी हसली की बशीतला चहा कपात परत गेला. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावामागे ‘कै.’ रंगवून घेऊ का, असं तिने विचारलं. मी दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो, तो देताना इतकी वर्षं मी सरकारला फसवत होतो असंही तिचं म्हणणं आहे.

कोटाचं म्हणशील तर तो हरवला. लढाईत माणसं हरवतात, तू कोटाचं काय घेऊन बसलीस! आमच्यापैकीच कुणीतरी उचलला असेल. आता माझं ऐक. ते नाव घासून टाक, दगड सपाट कर आणि मोकळी हो. त्या बाईंना काही सांगत बसू नकोस. जुनी गोष्ट आहे, उकरून कुणाचं भलं होणार नाही. आणखी चौकश्याही करू नकोस.

इकडे सर्व ठीक. दगडाची धूळ नाकातोंडात जाते, फडकं बांधत जा. माया असू दे.

तुझा,
दादा

ता. क. छिन्नी, मी वहिनी. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, ही चूक त्यांची. माझ्याबरोबर हसले खरे, पण मग दुकानात जाऊन बसले ते जेवायला हाका मारीपर्यंत उठले नाहीत. सोमवारी भिंतीवरच्या घड्याळांना चावी दिली नाही. काल शिंप्याचं घड्याळ दुरुस्त करून दिलं तर तासकाट्याच्या जागी मिनिटकाटा. शिंपी बिचारा एकाच दुपारी दोनदा जेवला. पस्तीस वर्षांत असं झालेलं नाही. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही. तू खोदून विचार. आणि तोवर घासू बिसू नकोस काही.

•

२० मार्च

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

नाव घासून टाक म्हणे! मी काय शाळेतली पाटी पुसायला आले आहे? समितीचा नियम असा की दगडावरचं एक नाव कमी करायचं तरी लेखी कारण लागतं. आणि ज्याचं नाव आहे तो जिवंत असेल, तर त्याने स्वतः येऊन सही करायची. असा नियम करताना त्यांना ही वेळ कधी येईल असं वाटलं नसणार.

दुसरं म्हणजे, माझ्याकडून एक आगळीक झाली. तुझं पत्र आलं तेव्हा बाई समोर होत्या. कुणाचं म्हणून विचारलं, मी भावाचं म्हटलं, आणि पाकिटामागचं तुझं नाव त्यांच्या नजरेला पडलं. ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण चाळीस वर्षं फुलं ठेवताना पाहिलेली आहेत. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. मी घाबरले की आता ह्या चिडणार, इतक्या वर्षांची फुलं फुकट गेली म्हणून. दादा, त्यांनी मला उचललं. अक्षरशः जमिनीवरून उचललं. मग दारात जाऊन त्यांच्या त्या आवाजात अख्ख्या गल्लीला सांगितलं की आपला चौकातला मुलगा जिवंत आहे आणि घड्याळं दुरुस्त करतो! लोक धावत आले. ज्यांची नावं मी इतके दिवस कोरते आहे, त्यांचे भाऊ, त्यांच्या मुली मला मिठ्या मारत होत्या. पोस्टमास्तरांनी हातातल्या पत्रांचा गठ्ठा हवेत उडवला आणि मग सगळ्यांना तो गोळा करावा लागला. तुझं लग्न झालं का, मुलं किती, केस किती उरले, सगळं विचारून घेतलं. केसांच्या बाबतीत मी खरं सांगितलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर बाई पीठ मळत होत्या. मळता मळता थांबल्या आणि म्हणाल्या की मग आपल्याकडे तिथे कोण आहे? तुमच्या बाजूचीच कुठली तरी आई चाळीस वर्षं वाट बघते आहे आणि आपण तिच्या मुलाला भलत्याच नावाने हाक मारतो आहोत. तेव्हापासून त्यांना चैन नाही. माझ्या आईला असं कुणी कळवलं असतं तर, असं सारखं म्हणतात. त्यांच्या दोन्ही हातांवर भट्टीच्या लोखंडी तोंडाला लागून पडलेल्या आडव्या रेघा आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या की भावाच्या हातांवर याहून जास्त होत्या, भारी घायकुत्या होता. अशी हातांची खूण असलेला कैदी तिकडे कुणी पाहिला का, हे आईने किती जणांना विचारलं असेल त्याला गणती नाही.

म्हणून विचारते. तो कोट कुणी नेला हे तुला माहीत आहे. नाही म्हणू नकोस. तू खरं सांगतोस तेव्हा तीन पानं लिहितोस, आणि हे पत्र जेमतेम एका पानाचं होतं. त्या मुलाच्या घरी कळवायला हवं.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छिन्नी

•

२९ मार्च

चि. छिन्नी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घे तुझी तीन पानं.

कोट कुणी नेला नाही, मी दिला. आम्ही माघार घेत होतो. पुलाखाली राहिलेलं तारेचं भेंडोळं आणायला मला परत पाठवलं. दुपारची वेळ होती. दगडांमागे त्यांचा एक मुलगा पडला होता, माझ्याच वयाचा. मांडीत गोळी, नदीत पडून ओलाचिंब. बंदूक माझ्याकडे होती, त्याच्याकडे नव्हती. मी रोखली तसे त्याने हात वर केले. बाह्या खाली घसरल्या आणि दोन्ही हातांवर रेघाच रेघा. मला वाटलं, याचा कुणी छळ केला. माझं तोंड बघून तोच हसला आणि पीठ मळून भट्टीत सारल्याची नक्कल करून दाखवली. मी मनगटावरच्या घड्याळाला चावी दिल्याची केली. ओळख झाली ती एवढीच.

थंडीने त्याचे दात वाजत होते. ओले कपडे काढून टाकले, माझा कोट चढवला, बटणं लावली, मांडी बांधली. तासभर त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो. मग आमची शिट्टी झाली. पलीकडच्या काठाला त्याची माणसं हिंडताना दिसत होती. उजेड आहे तोवर ती याला उचलून नेतील असं मी स्वतःला सांगितलं आणि निघालो. परत जाऊन कोट हरवला म्हणालो. खरं बोललो असतो तर नुसत्या फितीवर भागलं नसतं.

फितीचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी एकाला वाचवलं असं मला वाटत होतं, छिन्नी. चाळीस वर्षं मी त्याला सांभाळला. त्याचं लग्न लावलं, बेकरी वाढवली, पोरं झाली. मला टक्कल पडलं तेव्हा त्यालाही पाडलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो आत्ता काय करत असेल ते मी बघत बसायचो. कुणाला बोललो नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं की तो जगला कशावरून.

तुझ्या पहिल्या पत्रात ते नाव वाचलं आणि तो मेला. घासून टाक म्हणालो ते एवढ्यासाठीच. आणि आता तू रेघांचं लिहिलंस, तेव्हा तो कुणाचा कोण हेही कळलं. कुठल्या आईला कळवायचं ते आता तुला सांगायला नको. ती तर रोज त्याच्यावरूनच ये-जा करत होती.

बाईंना सांग. पण तासाभराने मी त्याला तिथेच टाकून उठून आलो, हेही सांग. ते गाळू नकोस. त्यांनी काय शिव्या द्यायच्या त्या दिल्या तर जशाच्या तशा कळव, मऊ करून लिहू नकोस. काल सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

तुझा,
दादा

•

७ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, तासाभराने उठून आलास तेही.

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. आतले पाव करपले, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा करपले असं गिऱ्हाइकं दारातून कुजबुजत होती. मग त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. आईने एकतीस वर्षं फुलं ठेवली आणि मी नऊ, म्हणाल्या, आणि एकही फूल परक्याकडे गेलं नाही. मग रडल्या, आणि रडता रडता हसल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर दोन्ही केलं. दुसऱ्याच्या मुलाचं करते म्हणून आईने गावाशी भांडण घेतलं आणि आपल्याच मुलाला घरी आणून ठेवलं, हे त्या दिवसभर येईल त्याला सांगत होत्या. लोक पाव न घेताच परत जात होते.

तुझ्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की तू ये. शिव्या नाहीत, दुसरं काही नाही. माझ्याजवळ विचारायचं नाही, तुझ्याशीच बोलायचं आहे म्हणतात. काय ते मला माहीत नाही.

तुझी सही तशीही लागणारच आहे. वीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढ. वहिनीचा गुडघा धड नाही, तिला हा प्रवास झेपायचा नाही, पण तिने तुला ढकलून पाठवायचं कबूल केलं आहे. आमचं तुझ्या अपरोक्ष पत्र झालं.

ये, आणि येताना लोभ बरोबर घेऊन ये.

तुझी,
छिन्नी

•

२४ एप्रिल

सौ. घड्याळजीणबाई यांस,

पस्तीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, कारण तू मला कुठे जाऊच दिलं नाहीस. मायना काय घालावा हे छिन्नीला विचारलं तर ती हसायलाच लागली. तेव्हा सुचलं ते घातलं आहे, गोड मानून घे.

गाडीतून उतरलो तर फलाटावर निम्मं गाव. मला वाटलं, कुणी मंत्री येणार असेल. ते माझ्यासाठी आले होते. एका चिमुरडीने माझा हात दाबून पाहिला आणि आईला सांगितलं की गरम आहे. पोस्टमास्तर लढाईच्या वेळी पलीकडच्या काठावर होते. त्यांनी टेबलावर मिठाचं भांडं आणि चमचे मांडून ते कुठे, मी कुठे, हे काढलं. ते मला दोनदा चुकले होते आणि मी त्यांना एकदा. तुम्ही काय नेम धरत होता असं म्हणत आम्ही एकमेकांची इतकी टर उडवली की छिन्नीने आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. असा मोठ्याने मी कितीतरी वर्षांत हसलो नव्हतो. आपल्या दुकानात आठवड्याला येतात तेवढी घड्याळं इथे एका दिवसात दुरुस्तीला मिळाली म्हणायला हरकत नाही, एवढी माणसं मनगट पुढे करतात.

काल सकाळी चौकात सगळे जमले. समितीच्या कागदावर मी जिवंत असल्याच्या तीन सह्या केल्या. हयातीचा दाखला खिशात होताच, तो कुणी मागितला नाही. छिन्नीने माझं नाव बोटभर खोल तासून काढलं. पहिला घाव तिने मला घालायला लावला. माझ्या हातावर तिने आपला हात धरला होता. तिथेच तिने त्याचं नाव कोरलं. जागा तीच ठेवली, कारण तो तिथेच आहे. आपली छिन्नी हुशार आहे हो, आपण तिला उगाच लहान समजतो. दगडाच्या कडेचा चुरा झाडून ती मागे सरली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळ्यांनी टोप्या काढल्या. मीही काढली.

सगळे जेवायला गेले. बाई आणि मी राहिलो, आणि बोलणं समजावून सांगायला छिन्नी. वाटभर मी ज्याला भीत होतो ते आता येणार हे मला कळलं. तू उठून का गेलास, हेच त्या विचारणार. उत्तर मी घोकून आलो होतो, तुझ्यापुढे म्हणूनही दाखवलं होतं. ते सगळं विसरलो.

त्यांनी ते विचारलंच नाही. त्याला थंडी वाजत होती का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधी वाजत होती, दात कडकडत होते. कोट घातल्यावर हळूहळू थांबली. मी निघालो तेव्हा तो कॉलरीत तोंड खुपसून बसला होता आणि त्याने माझ्याकडे बघून हात हलवला होता. हे शेवटचं मी छिन्नीलाही लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला ते आठवायची हिंमतच झाली नव्हती.

मग बाईंनी सांगितलं की तो घरातून गेला त्या सकाळी कोट न घेताच गेला होता. दाराशी आईने हाक मारली, तर हा वळलाच नाही. पुढे एकतीस वर्षं, तो कुठे असेल, कसा असेल, हे आई घरात फारसं बोलत नसे. थंडी पडली की एवढंच म्हणायची की पोरगं कोट न घेता गेलं. शेवटच्या दुखण्यातही तेच म्हणत होती.

एवढं बोलून त्या दगडाकडे वळल्या. आई गावाच्या वरच्या अंगाला पुरलेली आहे, त्या दिशेला तोंड केलं. आणि त्यांचा तो आवाज तुला ऐकवायला हवा होता, खिडक्या उघडून माणसं बाहेर बघू लागली. त्यांनी आईला ओरडून सांगितलं की कोट होता त्याच्या अंगावर, बटणंसुद्धा लावलेली होती.

उद्याच्या गाडीने निघतो. मायेत काही उणं नाही, हे समक्ष येऊन सांगेन.

तुझा,
घड्याळजी